जूडास प्रीस्टचा 'इन्विन्सिबल शील्ड': ऐकलात का?

खर्जातला
१० मार्च २०२४, २१:४०

परवा शुक्रवारी, ८ मार्चला, प्रीस्टचा, म्हणजे जूडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा, नवा अल्बम आला. एकोणिसावा. पहिला 'रॉका रोला' १९७४ चा, म्हणजे रेकॉर्ड काढायला लागून यंदा पन्नास वर्षं झाली. इथे आयर्न मेडनवर धागे आहेत, मेटालिकावर तर नुसती भांडणं आहेत. प्रीस्टला मात्र कुणी वाली नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी निकाल सांगतो, वकिली नंतर. १९९० च्या 'पेनकिलर'नंतर या बँडनं काढलेला हा सगळ्यात चांगला अल्बम आहे आणि तो गिटारवादक रिची फॉकनरचा अल्बम आहे. गायक रॉब हॅल्फर्डचा नाही. सगळीकडे "बहात्तराव्या वर्षी काय गातो बघा!" एवढंच चाललंय. गातो, प्रश्नच नाही. पण वजन गिटारच्या खांद्यावर आहे.

'पॅनिक अटॅक'ची सुरुवात ऐका. गिटार सिंथचा तो लकाकता आवाज थेट १९८६ च्या 'टर्बो'तून उचलल्यासारखा. क्षणभर वाटतं, आता केसांना जेल लावून नाचायचं की काय. मग ड्रमर स्कॉट ट्रॅव्हिस येतो आणि गाणं अंगावर धावून येतं. पाठोपाठ 'द सर्पंट अँड द किंग', त्यात हॅल्फर्ड वरच्या पट्टीतच घुसतो. शीर्षकगीत सहा मिनिटांच्या वर जातं आणि मधल्या भागात गिटार एकमेकींशी असं काही भांडतात की मी गाडी चालवत ऐकायचं बंद केलं.

मधला टप्पा संथ आहे. 'डेव्हिल इन डिस्गाइज' आणि 'गेट्स ऑफ हेल' चालण्यासारखी, ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन रेडिओची आठवण देणारी. 'क्राउन ऑफ हॉर्न्स' हळवं आहे आणि मला चक्क आवडलं. 'अॅज गॉड इज माय विटनेस'ला डबल बेस ड्रमची पुन्हा झोड उठते. 'एस्केप फ्रॉम रिअॅलिटी' जड, रांगणारं, ब्लॅक सबाथच्या वळणाचं. 'सन्स ऑफ थंडर' तीन मिनिटांच्या आत संपतं आणि तेच बरं. शेवटचं 'जायंट्स इन द स्काय' गेलेल्या मित्रांसाठी आहे, लेमी आणि डिओसाठी. त्यात मध्येच अकूस्टिक गिटारचा स्पॅनिश ढंगाचा तुकडा येतो. मेटल अल्बमचा शेवट असा करायला धैर्य लागतं.

तुमची मतं टाका. ज्यांनी ऐकला नाही त्यांनी ऐकून टाका, ऐकण्याआधी टाकलीत तरी चालेल, इथे तशी पद्धत आहेच.

कोथरूड_थ्रॅश
१० मार्च २०२४, २२:१८

पहिला! 🤘

'पॅनिक अटॅक' ऑक्टोबरपासून लूपवर आहे. ज्या बँडची सुरुवात माझ्या बाबांच्या जन्माआधीची आहे तो इंटरनेटवरच्या चिडचिडीवर गाणं लिहितो आणि ते ओशाळवाणं वाटत नाही, हेच मला भारी वाटलं.

पण काका, तीन बोनस गाणी विसरलात. 'फाइट ऑफ युअर लाइफ', 'व्हिशस सर्कल' आणि 'द लॉजर'. 'व्हिशस सर्कल' मूळ अकरांत हवं होतं, 'गेट्स ऑफ हेल'ला बसवा बाहेर.

अवली
१० मार्च २०२४, २३:०५

थंड पाणी ओततो, राग मानू नका.

प्रीस्ट म्हणजे टिप्टन आणि डाउनिंग. ग्लेन टिप्टनचा सोलो बांधीव, आधी विचार करून रचलेला. के. के. डाउनिंगचा सोलो खिडकी फोडून बाहेर पडणारा. दोन वेगळी माणसं, वेगळे स्वभाव. १९७६ च्या 'सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी'पासून मेडनपर्यंत आणि पुढे जी दुहेरी गिटारची परंपरा सगळ्यांनी उचलली तिचा पाया तो आहे. डाउनिंग २०११ मध्ये बँड सोडून गेला. टिप्टनला पार्किन्सन्स आहे हे २०१८ मध्ये जाहीर झालं. तेव्हापासून मंचावर त्याच्या जागी अँडी स्नीप उभा असतो आणि तोच स्नीप या अल्बमचा निर्माता. मग हे भांडण कोण कोणाशी करतंय? फॉकनर फॉकनरशी?

अल्बम वाईट नाही. पण "फॉकनरचा अल्बम" हेच जर कौतुक असेल तर पाटी बदला.

खर्जातला
११ मार्च २०२४, ०८:५२

अवलीराव, तुम्ही येणार हे ठाऊक होतं, चहा तयार ठेवला होता.

श्रेयनामावली बघा. अल्बमच्या गाण्यांवर हॅल्फर्ड, टिप्टन आणि फॉकनर अशी तीन नावं आहेत. टिप्टन वाजवायला पूर्वीसारखा उभा राहत नाही, पण गाणं जिथे जन्मतं तिथे तो आहे. 'ट्रायल बाय फायर'चे ते थांबत-थांबत येणारे ठोके बघा, ही बांधणी त्याच घरातली.

दुसरं म्हणजे, माणसं बदलली म्हणून पाटी बदलायची तर प्रीस्टनं ती सत्तरच्या दशकातच बदलायला हवी होती. ड्रमवर किती जण आले आणि गेले! 'सिन आफ्टर सिन'ला सायमन फिलिप्स, मग लेस बिंक्स, मग डेव्ह हॉलंड, मग ट्रॅव्हिस. हॅल्फर्ड स्वतः मध्ये अकरा-बारा वर्षं नव्हता. एकोणीसच्या एकोणीस अल्बमवर वाजवलेली माणसं दोनच, टिप्टन आणि बासिस्ट इयन हिल. हिलबद्दल तर कुणी धागाही काढत नाही.

ढोलपथकी
११ मार्च २०२४, ०९:३०

इयन हिलसाठी एक शिट्टी! तो मंचाच्या मागच्या कोपऱ्यात एका जागी उभा राहून वर्षानुवर्षं तेच करतो. आमच्या पथकात टोलवाल्याची जी गत तीच. चुकला तरच लोकांना कळतं की तो होता.

मिरजकर
११ मार्च २०२४, १३:१५

नमस्कार. मी मेटलवाला नाही. नातवानं कानाला लावलं म्हणून ऐकलं, पण गळ्याबद्दल थोडं बोलू शकतो.

या गायकानं वयाशी व्यवहार चोख केलाय. तरुणपणाची जी ध्वनिफीत नातवानं ऐकवली ('पेनकिलर' बहुधा) तिच्यात तो वरच राहतो, खाली येतच नाही. आता तो बराचसा मध्यसप्तकात राहतो, शब्द चावून म्हणतो आणि वरची जागा ठरवून घेतो. 'क्राउन ऑफ हॉर्न्स'मध्ये आवाजाला किंचित खर आहे, ती लपवलेली नाही. आमच्याकडे उतारवयात तार षड्जाचा हट्ट धरणारे गवई मी पाहिलेत. ऐकवत नाही.

मात्र 'सर्पंट'मध्ये एकावर एक आवाज चढवलेत असं माझ्या कानाला वाटतं. तो एका गळ्याचा पल्ला नाही.

कोथरूड_थ्रॅश
११ मार्च २०२४, १३:४०

मिरजकर आजोबा, दंडवत घ्या. आवाजाचे थर तर प्रीस्ट पहिल्यापासून चढवत आलेत, चोरी नाही ती. पण तुमचा कान 🙏

कल्याण_स्लो
११ मार्च २०२४, १९:२२

आवाजाचा विषय निघालाच आहे तर निर्मितीवर बोलू या का? माझी खरी तक्रार तिथे आहे.

स्नीपचा आवाज मला फार धुतलेला, इस्त्री केलेला वाटतो. प्रत्येक किक सारखीच टक्क, प्रत्येक स्नेअर सारखाच फट्ट. ट्रॅव्हिससारखा माणूस हाताखाली असताना त्याचे ठोके असे एकसाची कशाला करायचे? 'फायरपॉवर'च्या वेळी (२०१८) स्नीपबरोबर जुने टॉम अॅलम होते. त्या अल्बमला थोडी हवा होती. या वेळी अॅलम नाहीत आणि हवा पण नाही.

'ब्रिटिश स्टील' आठवा. १९८०, टिटनहर्स्ट पार्क, म्हणजे लेननचं आधीचं आणि तेव्हा रिंगो स्टारचं घर. 'मेटल गॉड्स'मधला तो धातूचा खणखणाट काढायला यांनी काटे-चमच्यांचा ट्रे हलवून रेकॉर्ड केला. सॅम्पल विकत मिळत नव्हते म्हणून स्वयंपाकघरात गेले. ती खोली ऐकू येते त्या अल्बममध्ये. इथे कुठलीच खोली ऐकू येत नाही.

खर्जातला
११ मार्च २०२४, २०:०३

हे मान्य. ड्रमच्या बाबतीत तर शंभर टक्के. पण गिटारचे आवाज स्नीपनं सुटे ठेवलेत. डावी-उजवी वेगळी कळते, बास दबत नाही. मी जुन्या कॅसेटवर वाढलेला माणूस. ऱ्हिदम हाउसमधून आणलेली 'स्क्रीमिंग फॉर व्हेंजन्स' इतक्या वेळा वाजली की वरचे स्वर झिजून गेले होते. स्वच्छ आवाजाची मला अॅलर्जी नाही, हीही त्या काळचीच देणगी.

भोचक
११ मार्च २०२४, २१:११

मधे तोंड घालते. हे तेच ना, ज्यांच्या गाण्यात उलटे संदेश होते म्हणून कोर्टात गेले होते? आणि असली गाणी तुम्ही पोराबाळांना ऐकवता?

अवली
११ मार्च २०२४, २१:३४

तेच. १९९०, रीनो, नेवाडा. दोन तरुणांच्या शोकांतिकेनंतर कुटुंबांनी दावा केला की १९७८ च्या 'स्टेन्ड क्लास'मधल्या 'बेटर बाय यू, बेटर दॅन मी'मध्ये छुपा संदेश आहे. ते गाणं मुळात प्रीस्टचं नव्हेच, स्पूकी टूथ नावाच्या बँडचं. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. बँडचे आठवडेच्या आठवडे कोर्टात गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात 'पेनकिलर' आला. 

प्रीस्टचा बचाव मी करतोय, बघा. धागा कुठे नेऊन ठेवलात.

मिडलंड्सवाली
२१ मार्च २०२४, ०३:२६

उशिरा येतेय, पण पुरावा घेऊन येतेय. 😄 परवा बर्मिंगहॅमला बघितलं. आधी युराया हीप, मग सॅक्सन, मग प्रीस्ट. तिकिटात एवढी पेन्शनर मंडळी पुन्हा मिळायची नाहीत (नवरा म्हणाला, मी नाही).

त्या शहरात प्रीस्ट ऐकणं वेगळंच. मी इथे कॉव्हेंट्रीत बरीच वर्षं आहे. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला लागून असलेल्या पट्ट्याला ब्लॅक कंट्री म्हणतात: कोळसा, लोखंड, ओतकाम. हॅल्फर्ड वॉल्सॉलला वाढला. शाळेच्या वाटेवरच्या ओतशाळेचा धूर आणि घणांचा आवाज तो अजून सांगतो. टिप्टन तर ब्रिटिश स्टील या पोलाद कंपनीतच उमेदवारी करायचा. आता बहुतेक कारखाने गेलेत, त्या जागी गोदामं आणि घरं. पण प्रेक्षकांत निम्मे लोक असे की ज्यांचे बाप किंवा आजे त्या कारखान्यांत होते. माझ्या शेजारचे एक आजोबा सॅक्सनपासून शेवटपर्यंत उभे होते आणि त्यांच्या गुडघ्याला पट्टा होता.

हॅल्फर्ड चालतो जरा वाकून, गाताना माइकवर दुमडतो, काही ओळी प्रेक्षकांवर सोडतो. नवीन गाण्यांत 'पॅनिक अटॅक' थेट वाजवायलाच लिहिलंय असं वाटलं. फॉकनर सगळ्या मंचाचा मालक आहे. अवलीदादा, स्नीप मात्र खरोखर बाजूला उभा राहून काम करतो, भाव खात नाही.

अवली
२१ मार्च २०२४, १०:४०

ताई, वृत्तांत फक्कड. स्नीपवर राग नाहीच माझा. २०२२ च्या जानेवारीत बँडनं जाहीर केलं होतं की यापुढे स्नीपला न घेता चौघंच वाजवणार. लोक खवळले, काही दिवसांत निर्णय फिरवला. एक गिटार आणि प्रीस्ट! हे ज्यांना सुचलं त्यांच्याबद्दल बोलतोय मी.

कोथरूड_थ्रॅश
२१ मार्च २०२४, ११:०२

रच्याकने, ब्रिटनच्या अल्बम तक्त्यात दुसरा आला! 'ब्रिटिश स्टील' चौथा होता, म्हणजे मायदेशातली आजवरची सगळ्यात वरची जागा. पहिल्या क्रमांकावर आरियाना ग्रांदे. दोन्ही अल्बम एकाच दिवशी आलेले. आमच्या बहिणीनं मला चिडवून घेतलंय.

खर्जातला
२१ मार्च २०२४, १२:२०

तक्त्याचं फार मनावर घेऊ नकोस. हल्ली जुन्या बँडचे भक्त पहिल्या आठवड्यात सीडी, विनाइल, रंगीत विनाइल असं सगळं घेतात आणि दुसऱ्या आठवड्यात अल्बम खाली जातो. पण दुसरा म्हणजे दुसरा. पार्टी दे.

कल्याण_स्लो
२२ मार्च २०२४, ०७:४८

फॉकनरबद्दल एक अवांतर. प्रीस्टमध्ये येण्याआधी तो लॉरेन हॅरिसच्या बँडमध्ये होता, म्हणजे मेडनच्या स्टीव्ह हॅरिसच्या मुलीच्या. मेडनच्या २००८ च्या जगदौऱ्यात त्यांच्या आधी तिचा बँड वाजवायचा. त्याच दौऱ्याची सुरुवात १ फेब्रुवारीला आपल्या बीकेसीत झाली होती. धुळीत उभे राहिलेले आठवतायत का कुणी?

ढोलपथकी
२२ मार्च २०२४, ०९:१०

धूळ अजून नाकात आहे.

अवली
२३ फेब्रुवारी २०२५, २२:५७

धागा वर काढतोय, कारण यात भर घालणं भाग आहे.

फॉकनरचं हृदय सप्टेंबर २०२१ मध्ये लुइव्हिलला मंचावरच दगा देऊन बसलं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. महाधमनी फाटलेली, गाणं 'पेनकिलर', आणि गडी सोलो पूर्ण करून खाली उतरला. दहा तासांच्या आसपास शस्त्रक्रिया चालली. रुग्णालय जवळ होतं म्हणून वाचला.

आता त्यानं मुलाखतीत पुढचं सांगितलंय. त्यानंतर साधारण महिन्याभरात त्याला मेंदूचा झटका आला आणि मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली. परिणाम उजव्या बाजूवर. उजवा हात. पिक धरायचा हात! इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बोटं पूर्वीसारखी ऐकत नाहीत, म्हणून काही जागा वेगळ्या पद्धतीनं वाजवतो म्हणे.

मी मागच्या वर्षी वर लिहिलं होतं, "फॉकनर फॉकनरशी?" ते मत माझं अजून तसंच आहे, डाउनिंगची जागा रिकामीच आहे. पण आज शीर्षकगीत पुन्हा ऐकलं. उजव्या हाताकडे लक्ष ठेवून ऐकलं. हे काम त्या हातानं झालंय, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

खर्जातला
२३ फेब्रुवारी २०२५, २३:२१

बँडचा हिशेब मांडा. टिप्टनला पार्किन्सन्स, फॉकनरचं हृदय आणि मेंदू, हॅल्फर्डला २०२० मध्ये प्रोस्टेटचा कर्करोग होऊन गेला. आणि अल्बमचं नाव 'अभेद्य ढाल'. बाहेरून बघणाऱ्याला ही मेटलवाल्यांची नेहमीची फुशारकी वाटेल.

मिरजकर
२४ फेब्रुवारी २०२५, ०६:३५

वाचून सुन्न झालो. माझ्या उजव्या हाताला पाच वर्षांपासून कंप आहे. सतार ठेवून दिली होती. असो. नातवाला सांगितलंय ते शीर्षकगीत पुन्हा लावायला.

कोथरूड_थ्रॅश
२४ फेब्रुवारी २०२५, ०८:०४

आजोबा, मग काढा ना सतार. आणि रेकॉर्ड करून इथे टाका, निर्मिती कल्याण_स्लो काका करतील, खोली ऐकू येईल अशी.

जाता जाता: 'क्राउन ऑफ हॉर्न्स'ला यंदा ग्रॅमीचं नामांकन होतं. गोजिरा घेऊन गेले, ऑलिम्पिकवाल्या गाण्यासाठी. राजवाड्याच्या खिडक्यांतून मुंडकी नसलेल्या राण्या, त्याला कोण हरवणार.

मिडलंड्सवाली
६ जुलै २०२५, ०१:१२

काल व्हिला पार्कला सबाथचा निरोपाचा कार्यक्रम झाला. गाव नुसतं भरून वाहत होतं. सगळे विचारत होते, प्रीस्ट कुठे? त्याच दिवशी हॅनोव्हरला स्कॉर्पियन्सच्या साठीचा कार्यक्रम होता, तो शब्द आधी दिलेला. म्हणून त्यांनी सबाथचं 'वॉर पिग्ज' स्वतःच्या पद्धतीनं रेकॉर्ड करून सोडलं. बर्मिंगहॅमच्या बँडनं बर्मिंगहॅमच्या बँडला जर्मनीहून केलेला नमस्कार. हॅल्फर्डनं त्यात सबाथच्या गायकाची, ओझीची, नक्कल अजिबात केलेली नाही, हे विशेष.

नवखा_श्रोता
२६ जुलै २०२५, २३:४४

ओझी गेल्याच्या बातम्या वाचता वाचता या धाग्यावर पोचलो आणि सगळा वाचून काढला. प्रीस्ट एकदाही ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू? 'इन्विन्सिबल शील्ड'पासून केली तर चालेल का?

कोथरूड_थ्रॅश
२६ जुलै २०२५, २३:५०

'पेनकिलर'. दिवे बंद. शेजाऱ्यांना कल्पना देऊन.

खर्जातला
२७ जुलै २०२५, ०९:०८

अजिबात नको, पहिल्याच दिवशी पळून जाईल. आधी 'ब्रिटिश स्टील'. 'ब्रेकिंग द लॉ' अडीच मिनिटांचं आहे आणि त्यात गिटारचा सोलोच नाही. तिथून 'स्क्रीमिंग फॉर व्हेंजन्स', मग 'डिफेंडर्स ऑफ द फेथ', मग सरळ इकडे उडी मारली तरी हरकत नाही. मधल्या 'नोस्ट्राडेमस'च्या दोन सीड्या वाट्याला आल्या तर पावसाळ्यासाठी ठेव.

अवली
२७ जुलै २०२५, ११:३३

दोघांचंही ऐकू नकोस. 'स्टेन्ड क्लास' लाव. पहिलं गाणं 'एक्सायटर', आणि त्याची सुरुवात ज्या ड्रमनी होते तो लेस बिंक्स याच वर्षी गेला. त्याच अल्बमवर 'बियाँड द रेल्म्स ऑफ डेथ' आहे, गीतकारांत हॅल्फर्डबरोबर बिंक्सचं नाव आहे. ड्रमरनं रचलेलं गाणं आणि त्यातला टिप्टनचा सोलो ऐकून झाला की इथे परत ये, मग फॉकनरवरून पुन्हा पहिल्यापासून भांडू.

खर्जातला
२७ जुलै २०२५, ११:४१

भांडू. पण डाउनिंगच्या नव्या बँडचे दोन्ही अल्बम ऐकून ये अवलीराव, मगच.